मिरजेचा कान

आमचे शेजारी उपासनी लिफ्टला दाद द्यायचे. आयर्लंडमधल्या गॉलवेतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबताना बारीक कण्हते. बाकीचे लोक तेव्हा मोबाइल बघतात. उपासनी मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हां! बोलली!" एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या आयरिश आजी सोबत होत्या. नंतर मला गाठून त्यांनी उपासनींबद्दल विचारलं, "इज युअर मॅन ऑल राइट?" मी म्हटलं, "ही इज ग्रँड." 'ग्रँड' म्हणजे इथे नुसतं 'ठीक'; खात्री मलाही नव्हती.

वय बावन्न, एकटे. नोकरी मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात, टेस्टिंगला. मशीनने पास केलेला नग हे टिचकी मारून नापास करायचे म्हणे. "मशीनला काय कळतंय वो? ते काय मिरजेचं आहे?" त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे कान होते, मिरजेचे आणि शोभेचे. माझे दुसऱ्या प्रकारात मोडत.

मिरजेत त्यांच्या घराण्याचा धंदा तंबोऱ्यांचा. वडील, म्हणजे बापू, ऐंशीच्या पुढे बहिरे झाले, पण हात शाबूत होता. तंबोऱ्याच्या तारेखाली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, एक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार गुंजायला लागते, एरवी नुसती टणटण. ती जागा कानानेच सापडते. म्हणून आठ वर्षं रोज सकाळी सातला बापूंचा व्हिडिओ कॉल यायचा. बापू तिकडे तार छेडायचे, उपासनी इकडे पडद्यासमोर बोट हलवायचे. "अजून... अजून... जरा मागं... हां, बोलली!" बापूंना ऐकू येत नसल्यामुळे शेवटी षटकाराची खूण करणाऱ्या पंचासारखे दोन्ही हात वर.

"फोनवरून तार लागलेली कशी कळते हो?" मी एकदा विचारलं.

"फोनवरून बायकोचा राग कळतो का नाही तुम्हाला?"

आमच्या दोन घरांत एकच पातळ भिंत. त्यामुळे हे "अजून, अजून" आम्हाला गजराच्या जागी होतं.

२०२१च्या वसंतात बापू कोविडने गेले. उपासनींनी मिरजेला जाण्याचा प्रश्नच नव्हता, सगळंच बंद. केतकीने, माझ्या बायकोने, त्यांच्या दाराशी डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून परत आला.

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून आवाज आला, "अजून... अजून..."

केतकीच्या हातातला कप तसाच राहिला. "कोणाशी बोलतायत रे?" आमच्या सात वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र गॉलवेच्या हेलात येतं. ती म्हणाली, "ही इज टॉकिंग टू हिज डॅड, लाइक." आणि टोस्ट खात बसली.

रोज तेच व्हायला लागलं. एका सकाळी मी न राहवून गेलो. दार नुसतं लोटलेलं. टेबलावर फोन उभा, पडदा काळाकुट्ट, आणि त्याच्यापुढे उपासनींचं बोट हळूहळू हलतंय. मला बघून म्हणाले, "या की. ऐका. येतंय ना?"

मी ऐकलं. फ्रिजची घरघर होती, बाकी काही नाही. मी म्हटलं, "येतंय." खोटं बोललो. त्या दिवसापासून सातच्या सुमाराला मीही भिंतीजवळ थबकायला लागलो, आणि ते केतकीला सांगितलं नाही.

लिफ्टपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळ्यांना 'बोलली' म्हणणारा हा माणूस एकाच ठिकाणी अडून बसला होता. बापूंच्या हातचा शेवटचा तंबोरा मिरजेत पडून होता. तो सांगलीच्या एका गाणं शिकणाऱ्या मुलीने सांगून ठेवलेला. दर रविवारी धाकटे भाऊ सदानंद फोनवर त्याच्या तारा छेडून विचारायचे, "दादा, ऐकलास ना? देऊ का तिला? पोरगी सारखी विचारते." आणि उपासनी दर वेळी म्हणायचे, "नाही बोलत अजून." सहा महिने! मला वाटलं, खडूसपणा, दुसरं काय.

नोव्हेंबरात एका जुन्या चर्चमध्ये कोरियन तंतुवाद्य आणि चेलो अशी मैफल होती, रविवारी दुपारी. उपासनींनी मला ओढून नेलं. गाण्यात त्यांना रस नव्हता. ते मैफलीला जायचे वाद्यं लावताना ऐकायला, आणि मूळ कार्यक्रम सुरू झाला की झोपायचे.

एकाआड एक बाक दोरी लावून बंद केलेला. तीसेक माणसं, सगळ्यांचे मास्क, नुसते डोळे दिसत होते. फिक्या हिरव्या पायघोळ पोशाखातली कोरियन बाई जमिनीवर बसली. मांडीवर लांबट वाद्य, त्याला रेशमाच्या बारा तारा, प्रत्येक तारेला स्वतःची छोटी घोडी. उजव्या हाताने ती तार छेडी आणि डाव्या हाताने दाबी, की स्वर आपल्या मींडेसारखा खाली उतरून हुंदका द्यायचा. मग तिने हात उचलला तरी तो स्वर वर छतापाशी फिरतच राहिला. माझ्या मागे कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. वळून बघितलं. दोरी लावलेला बाक होता, रिकामा.

मध्येच ओल्या हवेने एक तार उतरली. बाई थांबली. घोडी सरकवली, छेडली. जमेना. पुन्हा केलं. आयरिश मंडळी भिडेपोटी आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागली.

"अजून," शेजारून आवाज आला. उपासनी जागे झाले होते.

मी त्यांची बाही ओढली. दोन-चार मास्क वळले. बाईने तार छेडली. "अजून..." तिने वर बघितलं. भाषा कळणं शक्य नव्हतं, पण बोट दिसत होतं. तिने घोडी केसभर हलवली आणि परत बोटाकडे बघितलं. "जरा मागं," बोट म्हणालं. तिने छेडली. स्वर असा उमलला की मला, शोभेच्या कानाच्या माणसालाही, कळलं. उपासनींचे दोन्ही हात वर गेले. बाईने कमरेतून वाकून त्यांना नमस्कार केला आणि पुढे वाजवू लागली. उपासनींचा मास्क भिजत चालला होता.

गाडीत बसल्यावर त्यांनी ओला मास्क काढला. मग म्हणाले, "तिनं वर बघितलं वो माझ्याकडं." आणि थोड्या वेळाने, "सदा तार छेडायचा, तेव्हा मी फोनचा आवाज बंद करून बसायचो. एकदा मी हो म्हटलं, की बापूंचं काम संपलं. मग सकाळी सातला मी काय करायचं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे चहाला यायचं."

त्यांनी मिरजेला फोन लावला. बोट मोकळं हवं म्हणून फोन मी धरला. सदानंदांनी चारी तारा छेडल्या. गाडी तंबोऱ्याने भरून गेली. उपासनींचं बोट वर उचललं गेलं, पण हललं नाही.

"सदा, दोरे कोणी लावले?"

"कोणी म्हणजे? बापूंनीच. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. मी हात नाही लावला."

"त्या दिवशी मला फोन नव्हता रे. तापानं बोलवत नव्हतं त्यांना." ते थांबले. मग म्हणाले, "उद्याच देऊन टाक पोरीला."

फोन ठेवून ते काचेवरच्या पावसाकडे बघत राहिले. "बहिऱ्या माणसानं हातानंच लावलाय. म्हणजे माझ्या कानाची त्यांना गरजच नव्हती की. मग आठ वर्षं रोज फोन कशाला करायचे?"

इतक्या तयार कानाच्या माणसाला तेवढं ऐकू आलं नव्हतं. मला रडू आलं, आणि गाडी सुरू करायला बराच वेळ लागला.