प्रधान सरांची गोधडी आणि तीन होळ्या

कोपनहेगनची हवामान परिषद फसली, त्याच्या पाठोपाठ नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीचा करारही फसला. पहिल्याशी माझा संबंध नाही. दुसरा मी फसवला. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

करार प्रधान सरांचा होता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, बी विंगमध्ये एकटे राहणारे. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला सर खांद्यावर गोधडी टाकून येत. मे महिन्यातसुद्धा. विषय पाण्याच्या टाकीचा असो की पार्किंगचा, शेजारच्याला गोधडी पांघरायची आणि विचारायचं, "गरम होतंय? गोधडीत शेगडी आहे का? नाही! तुमचीच ऊब तुम्हाला सोडत नाहीये. पृथ्वीचंही हेच झालंय." घाम पुसत सेक्रेटरी म्हणत, "सर, पटलं. काढा आता."

मला मात्र त्यांनी वेगळं शिकवलं. मी तळोज्याला केमिकल कंपनीत होतो.

"कंपनीत शिरताना तुमचा डबा कोणी उघडतं?"

"नाही."

"सुटताना?"

"सुटताना उघडतात की."

"झालं तर! ऊन म्हणजे आत जाणारा कामगार. त्याला हवा अडवत नाही. उन्हानं जमीन तापते आणि तीच उष्णता डोळ्यांना न दिसणारं रूप घेऊन परत निघते. तिला गेटवर कार्बन डायऑक्साइड धरतो. काहींना सोडतो, काहींना परत आत पाठवतो."

"म्हणजे बाहेर कोणी पडतच नाही?"

"पडतात हो! पण आत गर्दी वाढल्यावर. आपण काय करतोय, तर धूर सोडून गेटवरचे वॉचमन वाढवतोय."

त्या दिवसापासून गेटवर डबा उघडताना मला उगाच अपराधी वाटायचं.

जागतिक परिषदांच्या बातम्या सर क्रिकेटच्या स्कोअरसारख्या ऐकत. त्यांचा आवडता शब्द 'कंसात'. वाटाघाटींच्या मसुद्यात ज्यावर एकमत होत नाही ते कंसात टाकतात म्हणे. सरांनी ते घरीदारी लागू केलं. आमच्याकडे जेवायला आले आणि आमटीत मीठ कमी निघालं, तर म्हणाले, "वहिनी, आमटी उत्तम. मीठ कंसात."

सोसायटीत तीन विंगा, तीन होळ्या. सरांनी ठराव मांडला: एकच होळी, बी विंगच्या मैदानात. भडका उडाला. ए विंगवाले म्हणाले, "आधी सी विंगनं कमी करावी, त्यांची होळी सर्वांत मोठी." सी विंगचे चेअरमन म्हात्रेभाऊ, याच जमिनीवर ज्यांच्या वडिलांची भातशेती होती, ते उठले. "आमी इथं पिढ्यान् पिढ्या होली लावतो. तुमी काल आले. बारा महिने एसी तुमचे, नि होली आमची बारीक करायची?"

कुणीतरी ओरडलं, "सर, तीन होळ्यांनी पृथ्वी तापते का?"

"मुळीच नाही," सर शांतपणे म्हणाले. "पण तीन इमारतींचं जमत नसेल, तर दोनशे देशांचं कसं जमायचं?"

या एका वाक्यावर म्हात्रेभाऊ हसले. ते सरांचे जिवलग. संध्याकाळचा चहा दोघांचा गेटजवळच्या बाकावर ठरलेला. ते म्हणाले, "सरांसाठी करू." ठराव पास झाला. कोणी गुपचूप होळी लावत नाही ना, हे बघायला निरीक्षक नेमला. मला.

आमच्या मुलीची ती पहिली होळी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली मुलगी, गळ्यात साखरेच्या गाठीची माळ. आई म्हणाली, "पोरीची पहिली होळी परक्या दारात?" मी आमच्या ए विंगमागे चार लाकडं रचली आणि पेटवली. छोटीशीच. सी विंगवाल्यांनी गॅलरीतून धूर पाहिला आणि त्यांची होळी पेटली. ती छोटी नव्हती.

सर धावत आले. गोधडी एका खांद्यावरून लोंबत होती. "आधी कोणी?"

मी सी विंगकडे बोट दाखवलं.

सरांनी सगळ्यांदेखत म्हात्रेभाऊंना शब्द मोडल्याचा जाब विचारला. म्हात्रेभाऊ एवढंच म्हणाले, "आमी आधी नाय लावली, सर." बाकावरचा चहा बंद झाला. पुढं वर्षानुवर्षं सर तिथं एकटेच बसत, मांडीवर गोधडी घेऊन. मी नजर चुकवून जात असे.

मग पॅरिसचा करार झाला. सकाळी वर्तमानपत्र फडकवत सर जिना उतरले आणि तडक सी विंगमध्ये. मी मागोमाग.

"म्हात्रे, आपलं चुकलं कुठं कळलं! आपण दुसऱ्यानं किती कमी करायचं ते सांगत होतो. आता पॅरिससारखं प्रत्येकानं आपण काय करणार तेवढंच सांगायचं. माझ्यापासून सुरुवात. मी माफी मागतो. आधी कोणी लावली, ते कंसात."

म्हात्रेभाऊंनी दार सताड उघडलं. "आतमंदी या. चहा टाकतो."

मीटिंगमध्ये सी विंगनं सांगितलं, "आमी लाकूड नाय आननार, नारल आनू." ए विंगला लाज वाटली, त्यांनी मैदानाभोवती झाडं लावायचं कबूल केलं. बी विंगनं मैदान दिलं. सरांनी टेबलावर हात आपटला, "सर्वानुमते!" टाळ्या इतक्या झाल्या की वॉचमन पळत वर आला.

त्या शिमग्याला एकच होळी पेटली. वाळक्या फांद्यांची, कमरेएवढी. भोवती तिन्ही विंगा, ढोल, बोंबा. नारळ वाहिला माझ्या मुलीनं. सर लहान मुलासारखे नाचले.

नंतर दोघं पुन्हा बाकावर बसले. वारा सुटला होता. सरांनी गोधडी अर्धी म्हात्रेभाऊंच्या खांद्यावर टाकली. त्यांनी तिची कड बोटांत धरली. "यात आमच्या हिची पन लुगडी हायत ना, सर?"

"निम्मी," सर म्हणाले. "दोघींनी मिळून शिवली होती. इतकी वर्षं तुमचं घर खांद्यावर घेऊनच हिंडत होतो, म्हात्रे."

मी चहा घेऊन उभा होतो. म्हात्रेभाऊ सरकून म्हणाले, "बसा ना, जागा हाय."

मी बसलो नाही. अजूनही त्या बाकावर बसत नाही. म्हात्रेभाऊंनी आधी शब्द मोडला नव्हता, पहिली होळी माझी होती, हे दोघांसमोर सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.