डेथ मेटल तसं सौम्यच असतं

बबनरावांनी बशीतला चहा फुंकला आणि विचारलं, "ते डेथ मेटल म्हनते, ते का असते बापू?"

अनुपने हातातली बिस्किटांची बशी खाली ठेवली. मागच्या रविवारी हिंगणीला त्याने काजलला पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. आज तिचे वडील, बबनराव, सिंदी मेघेला अनुपचं घर पाहायला आले होते. होकार त्यांच्याच हातात होता. आणि हा पोरगा कवट्यांचे टी-शर्ट घालून नागपूरच्या एका मेटल बँडमध्ये गातो, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. आईने, सुलोचनाबाईंनी, सकाळीच बजावलं होतं, "गान्याचा विषय काढशीन तं पोरगी हातची जाईन."

"नाव तेवढं भेसूर हाय, काकाजी," अनुप घाम पुसत म्हणाला. "घसा बसला तरी गानारा सुट्टी घेत नाई, त्याले डेथ मेटल म्हनतात."

बबनरावांचा चेहरा पडला. आणखी सौम्य सांगायला हवं, असं अनुपने ठरवलं.

"अन् डूम?" बबनराव मेटलच्या प्रकारांची नावं पाठ करून आले होते.

"पंगतीत वाढनारा आपल्याकडं येऊन राह्यला, अन् दोन पानं अलीकडंच भाजी संपली. तवा मानूस जो उसासा टाकते ना, तोच. दहा मिनिटं."

"निस्ता उसासा? अन् थ्रॅश?"

"वावराच्या धुऱ्या-बांधावरून दोन भाऊ भांडतात, पन दोघायलेबी बस पकडाची असते."

"मारामारी?"

"छ्या! बस येते ना."

"ग्राइंडकोर?"

"लाईन आली, चक्की सुरू झाली, लाईन गेली. खतम."

"ब्लॅक मेटल तरी?" बबनराव आता काकुळतीला आले होते. अनुपला तो संताप वाटला.

"तोंडाले पावडर लावून थंडीत कुडकुडत गातात. सर्दी झालेला मानूस समजा. त्याले कोन भेते?"

सुलोचनाबाईंना राहवलं नाही. "माह्या पोराच्या गान्यानं लेकरू झोपते, भाऊ!"

बबनरावांनी कप ठेवला आणि टोपी सारखी करून ते उठले. "मंग नाई जमत, बाई."

"काऊन जी?" अनुपचा आवाज चिरकला.

"आमचं वावर जंगलाले लागून. रानडुकरं ना फटाक्याले भेत, ना कुत्र्याले. काजलनं मोबाइलवर या बापूचं गानं हुडकून भोंग्यावर लावलं, तवापासून एक डुक्कर फिरकलं नाई. पोरगी म्हने, हाच पोरगा पाह्यजे. म्या म्हटलं, रेकॉर्डिंगचा का भरोसा, मानूस पाहून येतो. अन् तुमी म्हनता, लेकरू झोपते!"

अनुपने आईकडे पाहिलं. सुलोचनाबाई कडाडल्या, "माह्याकडं का पाह्यतं? वरड ना!"

अनुप ओरडला. आठवडाभराची सगळी धास्ती त्या ओरडण्यात उतरली. खिडकीच्या काचा थरथरल्या, गल्लीतली कुत्री गप्प झाली आणि शेजारची बाई लाटणं घेऊन दारात आली.

बबनराव पुन्हा खुर्चीत टेकले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"तुरीले शेंगा धराच्या आत," ते म्हणाले, "लगन उरकून टाकू."