सदनिका क्रमांक तीनमधील मांजरांचा चौकशी अहवाल

मनुष्याने किती मांजरे पाळावीत, याबाबत शास्त्रे मौन बाळगून आहेत. गाई किती, शेळ्या किती, याचे आकडे निदान सरकारी योजनांत तरी सापडतात; मांजराला अनुदान नाही, त्यामुळे आकडाही नाही. एक मांजर असले की माणूस हौशी, दोन असली की प्रेमळ, आणि तिसऱ्यापासून पुढे शेजाऱ्यांना त्याची काळजी वाटू लागते. ही काळजी कितव्या मांजरापासून लेखी द्यावी, हे ठरवण्याचा मान नाशिक रोडच्या आमच्या ‘श्रमसाफल्य’ गृहनिर्माण संस्थेला मिळाला. मी तिचा सचिव. (बिनविरोध. दुसरे कुणी तयार नव्हते.)

तक्रार सदनिका नऊमधल्या मयुरेशची. हा तरुण घरी बसून नोकरी करतो आणि दिवसभर शिंकतो. त्याचे म्हणणे असे, की तळमजल्यावर सदनिका तीनमध्ये गोदावरीकाकू साबळे, निवृत्त परिचारिका, वय अडुसष्ट, या एकट्या राहतात आणि त्यांच्याकडे तेवीस मांजरे आहेत. हा विक्षिप्तपणा आहे की आरोग्याला अपाय, याचा सोक्षमोक्ष लावावा.

फरक साधा नव्हता. आमच्या उपविधींत विक्षिप्तपणाला मनाई नाही. (असती, तर वार्षिक सभेला गणपूर्तीच झाली नसती.) अपाय सिद्ध झाल्यास मात्र सर्व मांजरे टेम्पोत घालून घोटीच्या पुढे, भातशेतांच्या परिसरात सोडण्याचे ठरले होते. याला ठरावात ‘पुनर्वसन’ म्हटले आहे. टेम्पो गुरुवारचा सांगून ठेवलेला असल्याने चौकशी निःपक्षपातीपणे बुधवारपर्यंत संपवणे भाग होते.

नोटीस घेताना काकूंनी एकच विचारले, “टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जागा असते ना? मग मीही जाईन.” आम्ही ‘संबंधितांची सहकार्याची तयारी आहे’ अशी नोंद केली.

समितीत तीन सदस्य. वैद्यकीय सदस्य वसीमभाई तांबोळी, कारण त्यांचे औषधाचे दुकान आहे. मोजणीसाठी बाळाजी खैरनार सर, मूळचे नांदगावचे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तीन जनगणना केल्या असून भारताची लोकसंख्या त्यांच्याशिवाय इतकी भरली नसती, असे ते मानतात. आणि विक्षिप्तपणाचा अनुभव असलेला सदस्य म्हणून माझी निवड एकमताने झाली.

मंगळवारी चार वाजता, दुधाच्या वेळी, आम्ही काकूंच्या घरात शिरलो. खुर्च्यांवर मांजरे असल्यामुळे समिती उभीच राहिली. पहिल्या मोजणीत अकरा भरली, दुसऱ्यात सव्वीस. सर अस्वस्थ झाले.

“मोजलेल्याला खूण लागती,” ते म्हणाले. “आम्ही घरांवर गेरूनं नंबर टाकायचो. गेरू हे का, काकू?”

“गेरू कुठला? हळद आणते, थांबा,” काकू म्हणाल्या. “घरचीच आहे, चाटली तरी बाधणार नाही.”

मग प्रत्येक मांजराला पकडून कपाळी हळदीचे बोट लावण्यात आले. एकोणीस भरली. (विसावे फ्रिजवर होते. ते खाली येईना, म्हणून ‘परगावी’ दाखवले.) सरांच्या हातावर सात ओरखडे उठले. जनगणनेत लोक इतके सहकार्यही करीत नसत, असे ते म्हणाले.

आता प्रश्न अपायाचा. वसीमभाईंनी त्यासाठी सूत्र काढून आणले होते. नुसती मांजरे मोजून भागत नाही. अपाय व्हायला माणूस लागतो. तेव्हा मांजरांच्या संख्येला येणाऱ्या माणसांच्या संख्येने भागायचे. दर माणशी पाचांच्या वर मांजरे निघाली, की टेम्पो. यासाठी सरांच्या तक्त्यात रकाना क्रमांक सात होता: ‘गेल्या सहा महिन्यांत घरी येऊन बसलेली माणसे (कुरियरवाले, जेवण पोहोचवणारे व मीटर पाहणारे वगळून)’.

काकू बोटांवर मोजू लागल्या. एक बोट वर झाले आणि पुन्हा मिटले.

“मुलगा येणार होता दिवाळीला. पण त्याला तिकडे सुटी नाही मिळाली,” त्या म्हणाल्या. “शून्य लिहा.”

“असं कसं, काकू,” वसीमभाई म्हणाले. “आम्ही तिघं आलोय ना! आम्हाला धरा.”

“तुम्ही चौकशीला आलात रे, वसीम. आणि बसलात कुठे?”

सरांनी शून्य लिहिले आणि एकोणिसाला भागायला घेतले. मग पेन खाली ठेवले.

“शून्यानं भाग जात नाय, सचिव,” ते हळूच म्हणाले. “पाचवीच्या पोराला बी माहीत हे.”

संस्थेच्या इतिहासात प्रथमच एखादी चौकशी गणिताने अडवली. सूत्र चुकीचे असणे शक्य नव्हते, कारण ते मंजूर झालेले होते. तेव्हा चोवीसही सदनिकांचा रकाना सात भरून घ्यावा आणि सरासरी माणसे काढून त्यांनी भागावे, असे ठरले. बुधवारी सकाळी आम्ही घरोघर निघालो.

निष्कर्ष पुढीलप्रमाणे. सतरा सदनिकांत शून्य. पाच सदनिकांत एक (पैकी तीन विमा एजंट). एका घरात बारा माणसे निघाली, पण ती दहाव्याला आली होती. उरलेल्या एका सदनिकेने ‘तुम्हाला काय करायचंय’ असे उत्तर दिले. ते शून्यात धरले आहे. सरासरी पाऊण माणसाचीही भरेना, आणि पाऊण माणसाने भागणे सरांना पटेना.

परंतु याच फेरीत एक अनपेक्षित बाब आढळली. ती पिवळी होती. मयुरेश मांडीवर एक गलेलठ्ठ बोका घेऊन शिंकत होता आणि बोक्याच्या कपाळावर आमची हळद होती.

“हा माझा नाहीये,” तो म्हणाला. “फक्त मीटिंगला बसतो माझ्याजवळ. दिवसभर दुसरं कोण असतं इथे?”

वसीमभाईंच्या दुकानात खोकल्याच्या औषधाच्या खोक्यात एक पिवळे कपाळ झोपले होते. सरांच्या आरामखुर्चीच्या पाठीवर हळद होती, आणि तिथे देवपूजा होत नाही. याशिवाय एकच मांजरी काकूंकडे सोनी, वसीमभाईंकडे बेगम, सरांकडे बाई आणि मयुरेशकडे मॅनेजर या नावाने राहत असून चार नाश्ते करीत असल्याचे उघड झाले. (माझ्या उशीच्या अभ्र्यावरही एक डाग होता. मी उशी उलटी केली. त्या मांजरीचे माझ्याकडचे नाव येथे देणे प्रस्तुत नाही.)

‘सर्वसाधारण रहिवासी’ (जो जिथे मुक्काम करतो, तो तिथला) या जनगणनेच्या नियमाने वाटणी केली, तर काकूंच्या वाट्याला दोनच मांजरे येत होती. उरलेली सतरा मांजरे इतर अकरा घरांची निघाली. काकूंचे दार उघडे असते आणि दूध चारला मिळते, एवढाच त्यांचा गुन्हा होता. खरे तेच लिहायचे, तर नोटीस अकरा सदनिकांना काढावी लागली असती, आणि टेम्पोत समिती बसवावी लागली असती.

मला लाज वाटली. (ही बाब अहवालात नाही.)

बुधवारी संध्याकाळी अहवाल एकमताने मंजूर झाला. सदनिका क्रमांक तीनमध्ये ज्यांना अपाय व्हावा अशी माणसेच येत नसल्याने अपाय सिद्ध होत नाही. सबब प्रकरण निव्वळ विक्षिप्तपणाचे आहे. टेम्पो रद्द. मात्र संस्थेतील सर्व मांजरे, प्रशासकीय सोयीसाठी, गोदावरीकाकूंच्याच नावावर राहतील. इतर सदस्यांकडे आढळणारी मांजरे ‘भेटीस आलेली’ समजावीत. विक्षिप्त कोणी तरी एक असला, की बाकीच्यांना शहाणे म्हणून राहता येते, हे सहकाराचे मूळ तत्त्व आम्ही जपले आहे.

कागद घेऊन मी सहीला गेलो. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सही केली.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “निदान कागदावर तरी घर भरलेलं दिसेल.”

त्यांनी एका खुर्चीवरून सोनीला उठवले. मी बसलो आणि चहा घेतला. मग त्यांनी तक्ता मागून घेऊन रकाना सातमधल्या शून्याच्या जागी एक लिहिले. त्यामुळे भागाकार आता बसतो. दर माणशी एकोणीस. म्हणजे टेम्पो. मी तो तक्ता हरवला आहे.

वाचकहो, आपण इतका वेळ काकूंना हसत होतात, याबद्दल समिती आभारी आहे. सरांकडे कोरे तक्ते पुष्कळ उरले असून आपल्यासाठी एक बाजूला काढून ठेवला आहे. मांजरांचा रकाना ऐच्छिक आहे. रकाना क्रमांक सात रिकामा सोडू नये. शून्य असल्यास तसे स्पष्ट लिहावे.