साहेबांनी निकाल फिरवला

“आई बेचाळीस वर्षांची आणि मुलगा चोपन्न!” बाबा दारातच बूट काढता काढता म्हणाले. “बाळंतपण बहुतेक पुढच्या भागात दाखवणार असतील.”

मुलगी जेवणाच्या टेबलावर प्रुफं पसरून बसली होती. ती मुद्रितशोधक, दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हा तिचा पेशा. शनिवारच्या मॅटिनीहून बाबा परतले की पेन्सिल खाली ठेवायची, एवढं तिला सवयीने कळत होतं.

“इतका वाईट आहे का हो तो?”

“वाईट नाही गं, वयस्कर आहे. कॉलेजच्या वर्गात शिरला तेव्हा मला वाटलं, पेपर घ्यायला कुणी सर आले. आणि पुढच्या महिन्यात तो समुद्राचा सिनेमा येतोय ना, त्यातही हाच काका पाणबुड्या झालाय. पाण्याखाली दम लागेल त्याला.”

“तो आपण थ्रीडीत बघू या, बाबा. नव्या मोठ्या पडद्यावर.”

“थ्रीडी?” बाबांनी दुसरा बूट असा ठेवला की जणू तोच थ्रीडी. “पडद्यावरचं पडद्यावरच राहिलेलं बरं. शार्क माझ्या मांडीवर आला तर मी काय त्याला थोपटून झोपवू? शिवाय माझ्या चष्म्यावर त्यांचा चष्मा. छत्रीवर छत्री धरून कुणी चालतं का?”

तिच्याकडे उत्तर होतं. चांगली तीन-चार उत्तरं होती. पण बाबांशी वाद घालायचा म्हणजे वरच्या कोर्टात जायची तयारी हवी. तिने पेन्सिल उचलली.

बाबा निवृत्त शिरस्तेदार. उभी हयात कोर्टात गेली, दुसऱ्यांचे निकाल नोंदवण्यात. निवृत्त झाल्यावर स्वतः निकाल द्यायची जी हौस उसळली, ती सिनेमांवर निघाली. जुन्या गावी थिएटरच्या व्हरांड्यात ओळखी झालेल्या नऊ-दहा जणांचा मोबाइलवर एक गट होता, ‘पहिला खेळ’. बाबा तिथले साहेब. सिनेमा बघून ते गटावर तीनपैकी एक निकाल लिहीत: ‘जा’, ‘जाऊ नका’ किंवा ‘मध्यंतरापर्यंत’. त्यापुढे नटनट्यांवर दोन ओळींचे ताशेरे. त्यावर बाकीच्यांची तिकिटं ठरत. वर्षभरापूर्वी बाबा लेकीकडे राहायला आले, गाव सुटलं, पण निकाल सुटले नाहीत. फोन मात्र ते कुणाचाच उचलत नसत. म्हणत, “लेखी द्या.”

त्या शनिवारी त्यांनी ‘मध्यंतरापर्यंत’ असा निकाल दिला, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि झोपले. त्या रात्री झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

पुढचं सगळं भावाने केलं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, जुन्या कचेरीला, सगळ्यांना फोन त्यानेच लावले. गट कुणाच्या लक्षातही आला नाही. घरच्यांच्या लेखी तो म्हणजे बाबांच्या खिशातली टिंगटिंग. भाऊ परत गेला आणि मुलगी कामाला लागली. ती एक गोष्ट सोडून सगळं बोलत होती. दूधवाल्याला म्हणाली, “उद्यापासून अर्धाच लिटर.” बँकेत म्हणाली, “खातं बंद करायचंय, कागद सोबत जोडलाय.” वाचनालयात बाबांची पुस्तकं परत करताना तिथल्या बाईंनी विचारलं, “बाबा नाही आले?” तर म्हणाली, “नाही.” प्रत्येक वाक्य निर्दोष होतं. फक्त जे वाक्य हवं, ते त्यात नव्हतं. आणि बाबांचा फोन ती रोज चार्ज करत होती.

गटाला संशय आला नाही, याला कारण साहेबच. लायकी नसलेल्या सिनेमांवर गप्प बसायचं, ही त्यांची रीत. ते तीन आठवडे गप्प राहिले, तेव्हा गटावर कुणीतरी लिहिलं, ‘साहेबांनी मौनानेच निकाल दिला,’ आणि सगळे निमूट घरी बसले.

मग समुद्राचा सिनेमा आला. कचेरीतल्या मैत्रिणींनी तिला ओढून नेलं, थ्रीडीत. रविवारी सकाळी बाबांच्या फोनवर टिंग वाजली. ‘साहेब, समुद्राचं काय? जीव टांगणीला लागलाय.’

आता सांगून टाकावं, म्हणून तिने फोन हातात घेतला. ‘बाबा’ एवढं लिहिलं. पुढचा शब्द काही केल्या उमटेना. तिने ते पुसलं आणि बोटांनी परस्पर लिहून टाकलं, ‘जा.’ ते लिहिताच तिला महिन्याभरात पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला. मग तिला चेव आला. तिने लिहिलं, ‘थ्रीडीतच बघा. मासे अगदी गालाला घासून जातात. नायक शोभतो.’

हे बाबांचं मत नव्हतं, तिचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वरच्या कोर्टाने तिचं ऐकलं होतं.

गटावर भूकंप झाला. अर्ध्यांना वाटलं साहेबांना ताप आहे, अर्ध्यांना वाटलं असा सिनेमा पुन्हा होणे नाही. गटातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलं, ‘वाक्यं छोटी आहेत, म्हणजे शुद्धीवर आहेत.’ पण खरा उसळला तो दातांचा डॉक्टर. थ्रीडीवरून साहेबांशी त्याचं सहा वर्षांचं वैर. त्याने विजयाचे अंगठे ओळीने पाठवले आणि शेवटी लिहिलं, ‘साहेब शरण आले! असा पडदा आपल्या गावात नाही, त्यांच्याकडे आहे. सगळ्यांनी तिथेच जायचं. मी गाडी करतो, तिकिटं काढतो. साहेबांचं मधल्या खुर्चीचं. सत्कार माझ्याकडून.’

तिने घाईने लिहिलं, ‘गुडघा दुखतोय.’ डॉक्टरने उत्तर दिलं, ‘थिएटरला लिफ्ट आहे.’ तिने लिहिलं, ‘मी एकदा बघितलाय.’ उत्तर आलं, ‘चांगली गोष्ट दोनदा बघतात, हे तुमचंच वाक्य.’ तिने लिहिलं, ‘फार लांब पडेल तुम्हाला.’ बाईंनी लिहिलं, ‘साहेब, एवढा आग्रह तुम्ही कधी करून घेत नाही. आम्ही येतोच.’ प्रत्येक थापेने गाडी जवळच येत होती.

शनिवारी ती थिएटरच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. समोरासमोर सांगायचं, एवढं ठरवून. गाडीतून नऊ जण उतरले. सगळ्यांत पुढे डॉक्टर, हातात त्याच्या छातीएवढा पुष्पगुच्छ.

“तू त्यांची मुलगी ना? नाक तेच. साहेब कुठायत? लपले ना? मला माहितीच होतं!”

“ते आले नाहीत, काका. मला तुम्हाला...”

“रुसलेत! हरल्यावर माणूस रुसायचाच. असू दे, सुटल्यावर घरीच गाठू. चल, खेळ सुरू होईल. त्यांच्या खुर्चीत तू बस.”

गुच्छ तिच्या मांडीवर आला आणि अंधार झाला.

मध्यंतरात डॉक्टर बाहेर आला तो भिंत धरून. त्याने काळा चष्मा काढला, आपला चष्मा काढला, डोळे चोळले.

“ओकारी येईल मला. मगाशी तो मोठा मासा आला ना, मी पुढच्या माणसाच्या डोक्यावर हात मारला. तो माणूस चांगला होता म्हणून वाचलो.”

“सहा वर्षं थ्रीडी थ्रीडी करत होतात!” बाई म्हणाल्या. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई, म्हणून त्या जगालाही कमी ऐकू येतं असं धरून बोलत.

“सहा वर्षांत बघितलाच कुठे होता? तत्त्व म्हणून भांडत होतो! आणि तो नायक? बुडी मारताना कंबर धरतो हो. माझे पेशंट बरे!” बोलता बोलता डॉक्टर थबकला. “म्हणजे साहेबच बरोबर होते. मग हा निकाल कसा दिला त्यांनी?”

“विचारायलाच हवं,” कुणीतरी म्हणालं.

“विचारायलाच हवं! उरलेला सिनेमा गेला खड्ड्यात. तोंडावर सांगतो: साहेब, आधी तुम्ही बरोबर होतात, आता चुकताय. मूळ निकाल कायम करा!” डॉक्टरने तिच्या हातातला गुच्छ परत घेतला. “पोरी, पुढे हो. घर दाखव.”

नऊ जण दाराकडे निघाले. साहेबांशी कडाडून भांडायला मिळणार, या आनंदात ते इतके तरुण दिसत होते की तिला त्यांना थांबवावंसं वाटेना. पण घरी नेऊन दाखवायचं कुणाला? ती वाट अडवून उभी राहिली.

“काका, तो निकाल मी लिहिला. त्यांच्या फोनवरून.”

डॉक्टरचं तोंड उघडंच राहिलं. “तू? का?”

ती काहीतरी बोलली. व्हरांड्यात गर्दी होती, यंत्रातून लाह्या फुटत होत्या, घंटा वाजत होती. कुणालाच ऐकू गेलं नाही.

बाईंनी चांगला कान पुढे केला आणि अख्ख्या शाळेला घाबरवलेल्या आवाजात म्हणाल्या, “पुटपुटायचं नाही! शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे. बोल!”

तिने मान वर केली.

“बाबा गेले,” ती मोठ्याने म्हणाली. “माझे बाबा गेले.”