चिकटलेला कौल

सहादेवच्या छातीतली झडप गळत होती, आणि अख्ख्या गावाची जीभ.

नगरच्या डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "झडप नीट मिटत नाही, म्हणून रक्त मागं येतं. गोळ्यांनी अंगातलं पाणी उतरेल, दम कमी लागेल. पण झडप सुधारणार नाही, हृदय थकत जाईल. नाहीतर मुंबईला ऑपरेशन. छाती उघडून नवी झडप बसवतील, पिंजऱ्यात चेंडू असतो तशी. धोका दोन्हीकडं आहे."

तेव्हापासून सहादेव डोळे मिटले की स्वतःची उघडी छाती बघायचा.

"देवाला इचारल्याबिगर अंगाला सुरी न्हाई लागायची," चुलता छगनतात्या गरजला. स्वतःच्या गळवाला मात्र तात्या गुपचूप पाथर्डीच्या दवाखान्यात गेला होता. तिथं देव आठवला नाही.

भैरोबाच्या दोन्ही खांद्यांना कण्हेरीच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर गोळ्या. कौल पडेपर्यंत विचारणाऱ्यानं हात जोडून उभं राहायचं, जागचं हलायचं नाही.

सहादेवनं आधीच पाया पडायच्या निमित्तानं देवाच्या उजव्या खांद्याला बाभळीचा डिंक पुसून ठेवला. आता पडली तर डावीच.

कानिफ गुरवानं कळ्या लावल्या. उन्हं चढली. एकही कळी हलेना.

"देव कोपला!" गुरव म्हणाला.

"पाप केलं आसंल कायतरी," तात्यानं लगेच निकाल दिला.

सहादेवला घाम फुटला. देवानं डिंक बघितला, आता इथंच छाती फोडणार! त्यात सकाळी घेतलेली लघवीची गोळी लागू पडली. मांड्या आवळून तो उभा राहिला. शेवटी देव गेला खड्ड्यात म्हणून तो पळाला.

"आरं, कौल मोडला!" गाव ओरडलं.

देवळामागच्या बाभळीआड मोकळा होऊन तो मटकन खाली बसला. श्वास पुरेना, ओठ निळे पडले. बायको लंकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"लंके, म्या डिंक लावला उजवीकडं," तो धापा टाकत म्हणाला. "म्हून देव खवळला."

लंकाबाईचा तांब्या हातातच राहिला. "आन् म्या डावीकडं गूळ."

"तू? दिवा लावल्याबिगर घास न घेणारी तू, आन् देवाला फसवलंस?"

"मंग काय करू? गोळ्या खाऊन तुमी दिसामाशी वाळत जानार, आन् म्या बघत बसू? मला देवापरीस त्याचंच लई भ्या वाटतं."

सहादेव तिच्या तांब्यातलं घोटभर पाणी प्याला. मघाचा दम अजून छातीत घुरघुरत होता. पिंजऱ्याची भीती गेली नव्हती. फक्त ती आता एकट्याची उरली नव्हती.

"ऊठव मला," तो म्हणाला. "जाऊ ममईला."

तेवढ्यात देवळातून आरोळी आली, "पडली! कळी पडली!"

लंकाबाई गर्रकन वळली. सहादेवनं तिचं मनगट धरलं.

"कुठली त्ये इचारू नगंस. उजवी आसंल तर माझा डिंक वाया गेला, डावी आसंल तर तुझा गूळ. चल, येष्टी चुकंल."