दोरीवरचे मान्यताप्राप्त घरटे

पक्षी हा मूलतः निष्काळजी प्राणी असून आपले भले कशात आहे हे त्याला कळत नाही, ही गोष्ट आता सर्व सुजाण माणसांना पटलेली आहे. त्याला घर हवे असेल तर तो अर्ज करत नाही, चार ठिकाणी चौकशी करत नाही, मनाला येईल तिथे काड्या आणून टाकतो. हा बेशिस्तपणा हजारो वर्षे खपवून घेतला गेला, कारण तोवर रत्नागिरीच्या बाहेर, जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर, सागरदर्शन वसाहत उभी राहिली नव्हती.

सागरदर्शन वसाहतीत बेचाळीस घरे आहेत. (सागर दिसत नाही. ज्यांना दर्शन घ्यायचे असेल त्यांनी पाण्याच्या टाकीवर चढावे, पूर्वपरवानगी आवश्यक.) यंदा जानेवारीत वसाहतीने 'पक्षी आगमन व निवास उपसमिती' नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी काशीरामभाऊंची निवड झाली. काशीरामभाऊ विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि गेली चार वर्षे त्यांना विस्तारायला काहीच मिळाले नव्हते.

उपसमितीने प्रथम पाहणी केली. पाहणीत बुलबुल, दयाळ, सातभाई, तांबट, शिंपी, भारद्वाज, खंड्या आणि कावळे यांच्यासह एकोणीस जातींचे पक्षी आढळले. निष्कर्ष असा निघाला की वसाहतीत पक्षी येतात खरे, परंतु ते कोणत्याही योजनेशिवाय येतात. ही परिस्थिती फार काळ चालू देणे योग्य नव्हते. म्हणून 'आदर्श पक्षिस्नेही परसबाग स्पर्धा' जाहीर झाली, छापील फॉर्म घरोघरी वाटण्यात आले, आणि त्यात शंभर गुणांची अशी विभागणी देण्यात आली:

पक्षिघर – वीस. दाणापाण्याची भांडी – वीस. स्वागतफलक – वीस. हस्तकला (टाकाऊपासून टिकाऊ) – दहा. स्वच्छता – तीस.

प्रत्यक्ष पक्ष्यांना गुण नव्हते. याबाबत फॉर्मच्या मागे खुलासा होता: 'पक्षी कोणाकडे जाईल हे स्पर्धकाच्या हातात नसल्याने त्यावर गुण देणे अन्यायाचे ठरेल.' इतका न्यायबुद्धीने केलेला नियम अलीकडे फारसा वाचायला मिळत नाही.

लोक मनापासून कामाला लागले. पालापाचोळा खरवडून काढला, करवंदीची जाळी तोडली, पपईला भोके पाडणारे पक्षी बसतात म्हणून पपई तोडली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवून त्यांवर लाकडी खांब रोवले. खांबांवर पक्षिघरे आली. मृणालीकडचे पक्षिघर तीनमजली होते, कौलारू, पूर्वाभिमुख, दाराशी तोरणासकट. तिचा नवरा नितेश मुंबईला असतो. त्याने तिथून पक्ष्याच्या शिळेचे रेकॉर्डिंग पाठवले. ते स्पीकरवर सकाळी सात ते नऊ वाजे. पक्षी कुठला ते कळले नाही; त्या देशात बर्फ पडत असावा, कारण मागून वाऱ्याचा गारठलेला आवाज येई. पहिल्या आठवड्यात त्या शिळेला एकच उत्तर आले. ते शेजारच्या घरातून, चार वर्षांच्या सानवीने तोंडाचा चंबू करून दिलेले होते. उपसमितीच्या वहीत 'प्रतिसाद: एक' अशी नोंद झाली.

ही सानवी म्हणजे करुणाची मुलगी, आणि अडचण नेमकी त्यांच्याच घरी होती.

करुणा बाजारात एका अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात सकाळचे चार तास कामाला जाई. दाखले, दुरुस्त्या, प्रतिज्ञापत्रे. नवरा प्रज्ञेश मुंबईत, घरी सासू सुंदराबाई आणि सानवी. परसात एक शेवगा, दोन केळी, कपडे धुवायची दगडी डोण, आणि स्वयंपाकघराच्या गजापासून शेवग्यापर्यंत बांधलेली कपड्यांची दोरी. या दोरीवर, खिडकीपासून दीड हातावर, फेब्रुवारीत काहीतरी लोंबू लागले. पहिल्या दिवशी करुणाला ते जळमट वाटले. दुसऱ्या दिवशी जळमट लांब झाले. तिसऱ्या दिवशी अंगठ्याएवढी, पिवळ्या पोटाची शिंजिराची मादी चोचीत कोळिष्टकाचा धागा घेऊन आली आणि तो तिथे इतका निगुतीने गुंडाळू लागली की करुणाच्या हातातली बादली हातातच राहिली.

बांधकाम साहित्य पुढीलप्रमाणे: कोळिष्टके, वाळकी पाने, शेवग्याच्या सालीचे कपटे, अळीची विष्ठा, वेफर्सच्या पाकिटाची एक चंदेरी चिंधी, आणि सानवीच्या फाटक्या झबल्यातला लाल दोरा. एकंदरीत कचऱ्याचे गाठोडे. एका बाजूला बोटभर दार, त्यावर पावसापाण्यासाठी छोटीशी पडवी. परवानगी शून्य.

त्या दिवसापासून दोरीवर कपडे पडले नाहीत. सुंदराबाईंनी ते कुंपणावर, डोणीवर, एकदा तर केळीच्या पानावर वाळत घातले. प्रज्ञेशच्या सुट्टीत घालायच्या शर्टाला केळीचा डाग पडला. सुंदराबाई म्हणाल्या, "पडूंदे. त्याला काय हितं लग्नाला उभं ऱ्हायचंय? बाळंतीण हाय ती. बाळंतिणीला उठवायची नसते."

दुपारी सानवीला निजवता निजवता करुणा खिडकीतून बघत बसे. बाळंतीण दारातून फक्त चोच बाहेर काढून बसे. चार वर्षांपूर्वी करुणाही अशीच याच खोलीत, याच खिडकीशी, तोंड तेवढे बाहेर काढून बसली होती. दोघींची नजरानजर होई. मग दोघींपैकी एक उठे, कारण कुणाचे तरी पोर रडायला लागलेले असे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आत दोन पिल्ले झाली आणि दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, काशीरामभाऊ पूर्वतपासणीला आले. बरोबर मृणाली होती. ती घरांच्या त्या ओळीची प्रतिनिधी.

"हे काय लोंबतंय?" काशीरामभाऊंनी पेनाने दाखवले.

"घरटं आहे, भाऊ."

"घरटं?" त्यांनी फॉर्म चाळला. "घरटं असा रकाना नाही. पक्षिघर आहे. पक्षिघर म्हणजे लाकडी, रंगवलेलं, खांबावर."

"शिंजिराचं आहे. पिल्लं आहेत आत."

"असतील. माझं पिल्लांशी भांडण नाही. पण बाहेरचे परीक्षक येणार रविवारी. स्वच्छतेच्या रकान्यात काय लिहिलंय वाच. जळमटे, कोळिष्टके, पालापाचोळा, प्रत्येकी वजा पाच. याच्यात तिन्ही आहेत. आणि नियम सात: एका घराचे कापले तर ओळीतल्या सातही घरांचे कापायचे."

मृणाली हळूच म्हणाली, "करुणाताई, माझं काही म्हणणं नाही हो. पण आम्ही तोरणसुद्धा लावलंय."

"कुणाच्या तोरणाला अजून कोण आलाय काय गो?" सुंदराबाईंनी डोणीवरून विचारले.

"येतील ना. दोन महिने झालेत फक्त."

"हिला दोन दिस लागले," सुंदराबाई म्हणाल्या आणि कपडे आपटू लागल्या.

काशीरामभाऊ माणूस वाईट नव्हता. त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. रविवारी सकाळी दोरीवर जळमट दिसल्यास समितीचा स्वयंसेवक झाडू घेऊन येईल आणि ते विनामूल्य काढून देईल, अशीही सोय केली.

करुणाने प्रज्ञेशला फोन लावला. तो म्हणाला, "दोरी सोड आणि हळूच मागच्या बाजूला नेऊन बांध. त्यांना काय कळतंय?"

"पिल्लांच्या आईला कळेल ना. ती इथे येऊन शोधेल. तुला कुणी कुर्ल्याहून उचलून कल्याणला ठेवलं तर मी शोधीन का तुला?"

"शोधशील ना?"

"बघू," करुणा म्हणाली. "आधी हे निस्तरू दे."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पिल्लांना पिसे फुटली होती, पण ती दारात येऊन पुन्हा आत जात. शनिवारी करुणा केंद्रावर बसली होती. समोर एक म्हातारे गृहस्थ हयातीचा दाखला मागायला आले होते. स्वतः समोर उभे होते, खोकतही होते, पण ते हयात असल्याचा कागद नव्हता. करुणा रोज अशी माणसे बघत होती. या कामातून ती एक गोष्ट शिकली होती: खरे असून भागत नाही, रकाना बरोबर लागतो. त्यांचा अर्ज भरता भरता तिचा हात थांबला. घरी येऊन तिने स्पर्धेचा फॉर्म काढला आणि 'हस्तकला' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले: 'टाकाऊ वस्तूंपासून बनविलेले शिंजीर पक्ष्याचे घरटे. एकूण साहित्य सहा प्रकारचे. निर्मिती: घरच्या महिला.'

यात खोटे काहीच नव्हते. निर्माती महिला होती आणि सध्या तिथेच राहत होती.

रविवारी सकाळी दहाला परीक्षक आले. दोघे होते, एकाच्या जाकिटाला अकरा खिसे होते. बरोबर काशीरामभाऊ, मृणाली आणि झाडू घेतलेला स्वयंसेवक. सानवीने दारावर खडूने कावळा काढून 'या' लिहिले होते, तो स्वागतफलक. डोण हे दाणापाण्याचे भांडे ठरले. मग सगळे दोरीशी आले आणि गोल करून उभे राहिले.

"हे जळमट—" स्वयंसेवकाने झाडू उचलला.

"हस्तकला आहे ती," करुणाने फॉर्म पुढे केला.

अकरा खिशांच्या परीक्षकांनी चष्मा लावून वाचले. चष्मा काढून पाहिले. "छान. कल्पना चांगली आहे. टेक्श्चर बऱ्यापैकी जमलंय."

तेवढ्यात शेवग्यावर मादी येऊन बसली. चोचीत कोळी होता. खाली सहा माणसे गोल करून उभी. ती या फांदीवरून त्या फांदीवर गेली, ओरडली, परत आली. दुसऱ्या घासाची वेळ होऊन गेली असावी, कारण हस्तकलेच्या आतून चिवचिवाट सुरू झाला.

करुणाला आपले कान तापल्याचे कळले. सुंदराबाईंनी डोणीतला हात डोणीतच ठेवला.

सानवी पुढे गेली आणि तिने काशीरामभाऊंचा शर्ट ओढला. "आजोबा, बाजूला व्हा ना. तिला डबा द्यायचाय."

काशीरामभाऊंनी शेवग्याकडे पाहिले, दोरीकडे पाहिले, हातातल्या नियमावलीकडे पाहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "सर्वांनी दहा पावलं मागे. लांबून कसं दिसतं त्याचेही गुण असतात."

(असे गुण फॉर्ममध्ये नव्हते. ते काशीरामभाऊंनी त्याच क्षणी निर्माण केले. नोकरीची एकतीस वर्षे धरून त्यांनी केलेला हा पहिलाच विस्तार.)

सगळे दहा पावले मागे गेले. मादी आली, पडवीला लटकली, डबा दिला, गेली.

"आवाज कसा काढलाय?" दुसऱ्या परीक्षकांनी विचारले.

"आत चिप आहे," काशीरामभाऊ म्हणाले.

"आणि तो पक्षी?"

"फसला बिचारा. इतकं हुबेहूब झालंय."

निकाल संध्याकाळी लागला. हस्तकलेलाच पक्षिघरही धरून करुणाच्या परसाला शंभरपैकी सत्त्याण्णव गुण मिळाले आणि पहिला क्रमांक आला. तीन गुण का कापले याचे कारण परीक्षकांनी प्रामाणिकपणे नोंदवले होते: 'घरटे थोडे अस्ताव्यस्त. खऱ्या घरट्याची सफाई यात नाही.'

मंगळवारी सकाळी एक पिल्लू दारात आले आणि आत गेले नाही. मग दुसरे. सानवीला कडेवर घेऊन करुणा खिडकीशी उभी राहिली. केंद्रावर उशीर झाला. दोन्ही पिल्ले शेवग्यावर पोचली, तिथून केळीवर, तिथून जिथे सत्त्याण्णव गुणांची वार्ता अजून पोचलेली नाही अशा दिशेने. सुंदराबाई म्हणाल्या, "सुटली बाय एकदाची," आणि ओले धुणे उचलले. पण दोरीपाशी जाऊन थबकल्या, आणि ते पुन्हा कुंपणावरच टाकले.

पुढे उपसमितीने करुणाकडून नमुना घेऊन सर्व घरांसाठी कार्यशाळा ठेवली. आज वसाहतीत काथ्या, फेव्हिकॉल आणि चंदेरी कागदाची बेचाळीस घरटी एका उंचीवर, एका रंगात लोंबत आहेत. अस्ताव्यस्तपणाचा दोष पूर्णपणे दूर केलेला आहे. पक्ष्यांनी अद्याप प्रतिसाद दिलेला नाही, परंतु ते मूलतः निष्काळजी असल्याने त्यांना आणखी एका वर्षाची मुदत देण्यात आली आहे.

स्पर्धा आता सर्वांसाठी खुली असून वाचकांना वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. आपण गेल्या साफसफाईत खिडकीच्या गजाला, दिव्याच्या वायरीला किंवा कपड्यांच्या दोरीला लोंबणारे एक जळमट झाडूच्या एका फटक्यात काढून टाकले होते, आणि ते जरा जड का लागले हे खाली वाकून पाहिले नव्हते. त्याची नोंद झालेली आहे. स्वच्छता: तीसपैकी तीस.