शनानची बढती

सुव्यवस्थित समाजात बाईसाठी दोन कायदे असावेत. एकात नजरचुकीने एखादी परवानगी शिल्लक राहिलीच, तर दुसरा हाताशी असतो. इराकच्या दक्षिणेला, दलदलीच्या काठावरच्या आमच्या गावात ही सोय पिढ्यान्‌पिढ्या उपलब्ध आहे. धर्माचं काम सय्यद हाशिम पाहतात, रिवाजाचं शेख मिझहर. दोघांत इतका सलोखा, की धर्माने बाईला जे दिलं त्याची दखल रिवाज घेत नाही, आणि रिवाजाने जे काढून घेतलं त्याचा निषेध धर्म फक्त खाजगीत करतो. (दोघांनीही एकमताने दिलेल्या हक्कांत घरकाम येतं.)

अशा या गावात शाळेतल्या बाई फखरिया, वय वर्षे एकतीस, यांनी लग्न ठरवलं. मुलगा सब्बार. तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान, स्वभावाने गरीब, फखरियावर जीव टाकणारा. तिचे वडील वारलेले, भाऊ नाही, आई नोफा राजी. अडचण म्हणून काही नव्हतीच, त्यामुळे गावाला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

ही उणीव चुलतभाऊ शनानने भरून काढली. एका सकाळी त्याने तिच्या दारापुढे हवेत बंदुकीचे तीन बार काढले आणि नहवा जाहीर केला. नहवा म्हणजे, काकाच्या मुलीवर पहिला दावा चुलतभावाचा म्हणून, तिचं लग्न परक्याशी होऊ न देण्याचा हक्क. तिच्याशी स्वतः लग्न करण्याची सक्ती त्यात नाही. शनानला दोन बायका होत्या आणि तिसरीचा विचार नव्हता.

"मग अडवतोस कशाला रे मेल्या?" नोफाने विचारलं.

"माझ्यासाठी थोडंच करतोय, काकी? मी नाही अडवलं तर लोक म्हणतील, हिला चुलतभाऊ आहे की नाही?"

फखरिया सय्यदांकडे गेली. त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही.

"बाप नाही, आजा नाही, तू सज्ञान आहेस, पोरी. लग्न तुझ्या हातात. आणि नहवा? हराम! शंभर टक्के हराम!"

"हेच शेखांच्या बैठकीत येऊन सांगाल?"

"लिहून देतो. माझा घसा बसलाय."

शेख मिझहरनी ती चिठ्ठी ओठांना लावली, कपाळाला लावली आणि आदराने गादीखाली सरकवली. (तिथे अशा चौदा आहेत.)

"धर्म आमच्या डोक्यावर," ते म्हणाले. "पण हे प्रकरण डोक्याच्या खालचं आहे, पोरी."

तोड अखेर नोफाने काढली. एका बाईचं दूध सलग पंधरा वेळा पोटभर प्यायलेली मुलं धर्माने बहीणभाऊ ठरतात. बहीणभावांचं लग्न नाही, आणि जिथे लग्न नाही तिथे नहवा कसला? शनान तान्हा असताना त्याच्या आईला टायफॉइड झाला होता आणि नोफाने त्याला पाजलं होतं, हे खरं होतं. निदान चार वेळा तरी खरं होतं.

एरवी बाईची साक्ष अर्धी. पण पुरुषांनी पाहू नये अशा बाबतीत धर्म चार बायकांची साक्ष पुरी मानतो. हव्या होत्या चार, आल्या नऊ. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना विचारत होतं.

"पंधरा? मी सतरा मोजलेत, बाई!"

"आणि वर ढेकर द्यायचा मेला!"

"उजव्या बाजूला जास्त," तिसरी म्हणाली, आणि सय्यदांनी घाईघाईने साक्ष नोंदवून घेतली. (एक साक्षीदार शनानहून चार वर्षांनी लहान होती. पण आईकडून ऐकलेली आठवण तिने शपथेवर सांगितली.)

दुधापुढे शेखांचंही काही चाललं नाही. नहवा रद्द! बायकांनी जिभा वळवून असा गलका केला, की पाण्यात बसलेल्या म्हशी उठून बाहेर आल्या. फखरियाने आनंदाने नऊही साक्षीदारांचे मुके घेतले.

हा आनंद चहा होईपर्यंत टिकला. चहा पिताना शेख म्हणाले, "मुबारक! बिनभावाच्या पोरीला भाऊ मिळाला."

शनानला बढती मिळाली होती. चुलतभावाला नुसतं लग्न अडवता येतं. सख्ख्यासारख्या भावाला काहीही अडवता येतं. त्याने त्याच दुपारी कामाला सुरुवात केली. रस्त्याकडची खिडकी बंद, बाजार बंद, शाळेची सहल बंद, फोन आईसमोर, हसणं बेताचं. लग्नाचं पाहू.

"दूधभावाला यातला एकही अधिकार नाही," सय्यद हळूच म्हणाले. "लिहून देऊ?"

"राहू द्या," फखरिया म्हणाली.

आठवडाभराने शनान फळं घेऊन आला.

"भावाचं मन मोठं असतं, ताई. काकांची खजुराची बाग माझ्या नावावर कर, मी स्वतः तुला सब्बारच्या दारात सोडतो."

बाग धर्माप्रमाणे फखरियाची होती. तिथली निम्मी झाडं तिने बापाबरोबर आपल्या हातांनी लावली होती. तिला रडू फुटलं, संतापही आला. पण सब्बार थांबून थांबून चाळिशीकडे निघाला होता. तिने अंगठा दिला. (ती सहावीला व्याकरण शिकवते. पण कागदावर बाईसाठी अंगठ्याचीच जागा होती.) बहिणीने खुशीने दिलेल्या बक्षिसाला धर्माची हरकत नाही, असं सय्यदांनी या वेळी बैठकीत येऊन खणखणीत आवाजात सांगितलं. पाठवणीच्या वेळी सगळ्यांत जास्त शनान रडला.

मराठी वाचकांना हे वाचून हसू येईल, थोडी कीवही येईल. साहजिक आहे. तुमच्याकडे बहिणीच्या दारात कुणी बंदुकीचे बार काढत नाही. ती आपणहून सकाळच्या एसटीने येते, कचेरीत हक्कसोडपत्रावर छान अक्षरात सही करते, आणि नवी साडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने हसत परत जाते. साडी खरंच चांगली होती. वहिनींनी निवडली होती ना?